रशियन पाहुणा मोरजीत, मग त्याची नोंद कुठे?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही तिघं मित्र पर्वरीच्या एका फ्लॅटमधून होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल मिळून साठेक होमस्टे आहेत. सगळा डेटा एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे आणि सर्व्हर सिंगापूरला, कारण सुरुवातीला तिथं फुकट क्रेडिट मिळालेलं. आता मॉस्कोचा एक एजंट म्हणतो रशियन नागरिकांचा डेटा रशियातच पाहिजे. जर्मनीच्या एजंटनं चार पानी फॉर्म पाठवलाय, त्यात 'डेटा रेसिडेन्सी', म्हणजे डेटा कुठल्या देशात ठेवता, असा रकाना आहे. आणि आमचा सीए म्हणतो सगळं भारतात आणा नाहीतर दंड बसेल. म्हणजे आता तीन सर्व्हर घ्यायचे का? माझा पार्टनर म्हणतो गेस्टच्या टेबलात कंट्री कॉलम आहेच, त्यावरून रेकॉर्ड तीन देशांत वाटून टाकू. ऑक्टोबरात सीझन सुरू होतो. आणि सिंगापूरचा सर्व्हर नुसता बॅकअप म्हणून ठेवला तर चालतो का?
— पेडण्याचा एक, झोप उडालेला

तीन सर्व्हर घेऊ नकोस रे. या सीझनला तरी नकोच. तुला एकच लागतो, तो भारतात, आणि उरलेलं काम सर्व्हरचं नाहीच आहे, टेबलं नीट वेगळी करायची आणि नको ते फेकून द्यायचं, एवढंच. पण हे सर्व्हर विकत घेण्यापेक्षा कंटाळवाणं काम असल्यामुळे तुमच्या तिघांतलं कुणी त्याला हात लावायला तयार नसणार हेही मला ठाऊक आहे, वीस वर्षं डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) म्हणून मी दुसरं काही बघितलेलं नाही.

तुझ्या पार्टनरची कंट्री कॉलमवाली आयडिया आधी घेते, कारण खरी गडबड तिथं आहे. दिसायला सोपी आहे, रशिया दिसलं की मॉस्को, जर्मनी किंवा युरोपातलं काही दिसलं की फ्रँकफर्ट, बाकीचे मुंबई. आता मला सांग, सासष्टीतला एक माणूस आहे, पासपोर्ट पोर्तुगीज, राहतो इंग्लंडात स्विंडनला, डिसेंबरात आईला घेऊन चार दिवस तुझ्या हरमलच्या होमस्टेत येतो आणि बुकिंग करतो मडगावच्या भाच्याच्या मोबाइलवरून. तुझा कॉलम म्हणणार पोर्तुगाल. मग त्याला फ्रँकफर्टला पाठवणार? बरं, पासपोर्ट नको, आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, ठरवू म्हणशील तर उलटा घोळ, मोरजीत सहा महिने तळ ठोकून बसलेला, भाड्याची स्कूटर घेऊन फिरणारा रशियन भारतीय सिमवरून बुक करतो, तो तुला चक्क पेडण्याचा दिसणार.

खरं तर आपल्याला हे कुणी शिकवायला नको. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद इथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे असते, आणि नातवाला पासपोर्ट पाहिजे म्हणून तीच नोंद लिस्बनच्या रजिस्टरात पण चढवलेली असते, मग इथं स्पेलिंग एक, तिथं दुसरं, आणि कुठलं खरं धरायचं यावर वकिलाकडे खेटे. एक माणूस, दोन रेकॉर्ड, दोन देश. रेप्लिकेशनचे, म्हणजे एकच डेटा दोन जागी ठेवण्याचे, झाडून सगळे आजार त्यात आले.

तर मुद्दा असा की नोंद कुठे ठेवायची हे पाहुण्याच्या पासपोर्टवरून ठरत नाही, ती माहिती कुणी गोळा केली, कुठे बसून केली आणि कशासाठी केली यावरून ठरतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे 'डेटा आमच्या देशात ठेवा' हे वाक्य तुला तिघांनी तीन वेळा ऐकवलं म्हणून ते तुला एकच वाटतंय, पण ती तीन वेगळी वाक्यं आहेत, आणि तुला कुणी न ऐकवलेलं चौथंही एक आहे. मराठीत बरं पडतं बघ, आपल्याकडे 'च' आणि 'ही' आहेत. एक नियम म्हणतो इथेच ठेवा. दुसरा म्हणतो इथेही ठेवा. तिसरा म्हणतो आधी इथे, मग पाहिजे तिकडे न्या. आणि चौथा म्हणतो कुठेही ठेवा पण हमी द्या. कुणीही नियम सांगायला आला की त्याला पहिलं विचारायचं, बाबा, तुझा 'च' आहे की 'ही'? यावर तुझा निम्मा खर्च ठरतो, कारण 'ही' असेल तर नुसती एक कॉपी इकडे आणून भागतं आणि 'च' असेल तर बाहेरची प्रत्येक कॉपी शोधून पुसावी लागते. शोधून पुसणं काय असतं त्यावर पुढे येतेच.

'इथेच' म्हणणारी आपल्याकडची मोठी संस्था म्हणजे रिझर्व्ह बँक. ६ एप्रिल २०१८ चं सर्क्युलर आहे, पेमेंटचा सगळा डेटा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त भारतातल्या सिस्टिममध्ये ठेवायचा, आणि त्यासाठी सहा महिने दिलेले. नंतर खुलासा केला की प्रोसेसिंग बाहेर झालं तरी चालेल, पण तिथली प्रत पुसून डेटा एक कामाचा दिवस किंवा २४ तास यातलं जे आधी असेल तेवढ्यात भारतात आणायचा. हे नुसतं कागदावर राहिलं नाही, २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स आणि मास्टरकार्ड या तिघांना याच कारणावरून भारतात नवीन गिऱ्हाईक घ्यायला बंदी घातली होती, ती पुढे उठली. पण हा नियम पेमेंट चालवणाऱ्यांवर आणि त्यांच्या साखळीतल्या लोकांवर आहे. तू पेमेंट गेटवे लावलायस ना, मग ते ओझं गेटवेचं, तुझ्याकडे फक्त व्यवहाराचा रेफरन्स नंबर, रक्कम आणि झालं की नाही एवढं असायला हवं. कार्डाचा नंबर तर १ ऑक्टोबर २०२२ पासून बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणी साठवायचाच नाही, शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवलं तर चालतं.

तू म्हणशील आमच्याकडे कार्डाचा कॉलमच नाही. पण रिमार्क्सचा आहे ना? असणारच. एकदा मी एका हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये रिमार्क्सच्या कॉलमवर सलग सोळा आकडे कुठे आहेत ते शोधायची क्वेरी मारली होती, आणि जे वर आलं ते बघून चहा थंड झाला माझा. 'कार्ड अमुक, एक्सपायरी अमुक, मागचे तीन आकडे अमुक, रात्री उशिरा येणार, खालची रूम द्या, आईचे गुडघे दुखतात.' रिसेप्शनवरच्या मुलीचा काही दोष नाही, फोनवर गिऱ्हाईक भराभर सांगत होतं आणि तिला लिहायला दुसरी जागा दिलेली नव्हती. आता तुझा तो रिमार्क्स सिंगापूरला बसलाय. आज संध्याकाळी पहिलं काम हे, सोळा आकडे शोध, पासपोर्ट नंबरासारखं काही दिसतं का तेही बघ, पूस, आणि त्या बॉक्सवर असा चेक लाव की एवढे आकडे टाकले की तो घेणारच नाही.

'इथेही' हा तुझ्या सीएचा नियम. तो बरोबर बोलतोय पण अर्धंच. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीच्या हिशेबाच्या वह्या कॉम्प्युटरवर ठेवल्या तरी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे हे २०१४ च्या नियमांत आहे, पूर्वी तो 'ठराविक काळाने' घेतला तरी चालायचा, ऑगस्ट २०२२ पासून रोज. पण हे हिशेबाबद्दल आहे. मोरजीला आलेल्या एखाद्या रशियन ओल्गाबाईच्या पासपोर्टाचा स्कॅन म्हणजे हिशेबाची वही नव्हे. पाहुण्यांच्या माहितीला लागतो तो २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, आणि त्यात सरसकट 'इथेच' नाहीये, सरकार अमुक देशांत पाठवू नका अशी बंदी घालू शकतं एवढंच. मात्र डेटा नीट सांभाळला नाही आणि फुटला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि पाहुणा रशियन आहे की डिचोलीचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तुम्ही पर्वरीत बसून त्याची माहिती हाताळताय ना, मग लागला. थोडक्यात सीएला सांग की नुसती पाहुण्यांची नावं सिंगापूरला होती म्हणून कुणी धाड घालणार नाही, पण आम्ही आणतोय.

आणतोय कशासाठी, तर एका फटक्यात बरंच मिटतं म्हणून. सर्टइन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे आदेश आहेत, सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे आणि भारतात ठेवायचे, आणि हॅकिंगसारखं काही झालं तर सहा तासांत कळवायचं. (लॉगची कॉपी बाहेर असली तरी चालते, मागितले की देता आले पाहिजेत, म्हणजे इथे परत 'ही' आहे बघ.) हिशेब भारतात, लॉग भारतात, होमस्टे भारतात, तुम्ही तिघं भारतात, मग डेटाबेसनं एकट्यानं सिंगापूरला बसून काय करायचं? प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून जाते ती वेगळीच. आणि हो, 'भारतात' म्हणजे पर्वरीच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरवर ठेवलेला पीसी नव्हे, हे सांगावं लागतंय कारण मागे एकानं खरंच तसं केलं होतं आणि जूनच्या पहिल्या वादळात त्याची लाइट दोन दिवस नव्हती.

आता मॉस्कोवाला. याचा नियम 'आधी इथे' जातीचा आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून रशियात असं आहे की रशियन नागरिकांची माहिती गोळा करताना ती रशियातल्या डेटाबेसमध्ये लिहायची. याच कायद्याखाली नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथं लिंक्डइन ब्लॉक झालं. १ जुलै २०२५ पासून शब्द आणखी आवळलेत, गोळा करताना रशियाबाहेरचा डेटाबेस वापरायचाच नाही. दंड पहिल्यांदा ६० लाख रुबलपर्यंत, परत सापडलं तर १ कोटी ८० लाखांपर्यंत. ऐकायला भयंकर आहे, पण नीट बघ, आधी तिथे लिहिल्यावर पुढे देशाबाहेर पाठवायची वाट आहे, त्यासाठी त्यांच्या खात्याला कळवावं लागतं आणि ते कळवायचं काम जो गोळा करतो त्याचं. इथे गोळा कोण करतंय? एजंट. मग त्यालाच करू दे की! त्याच्या वेबसाइटवर तुमचा बुकिंग फॉर्म चिकटवून दिलायत का? दिला असेल तर तोच काढ, कारण तो फॉर्म तिकडच्या माणसाची माहिती थेट तुमच्या सर्व्हरवर टाकतो, आणि तिथंच नियम मोडतो. फॉर्म त्याचा, डेटाबेस त्याचा, मॉस्कोत. तुम्हाला त्यानं एपीआयनं (दोन सॉफ्टवेअरमधल्या थेट जोडणीनं) फक्त त्याचा बुकिंग नंबर, तारखा, माणसं किती आणि हाक मारायला एक नाव पाठवायचं. एअरपोर्टवर पाटी धरायला आडनाव लागत नाही.

पासपोर्ट, व्हिसा वगैरे सगळं पाहुणा मोरजीला पोचल्यावर, रिसेप्शनवर. ते तसंही तिथंच घ्यावं लागतं, परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (लोकांच्या तोंडी 'सी फॉर्म') भरायचा असतो हे तुझ्या प्रत्येक होमस्टेवाल्याला पाठ आहे. ती माहिती भारतातल्या माणसानं, भारतात, भारताच्या कायद्यासाठी घेतली. एजंटची नव्हे. म्हणजे एकाच ओल्गाबाईच्या दोन नोंदी झाल्या, एक मॉस्कोत एजंटकडे, एक मुंबईत तुमच्याकडे, आणि त्या दोन वेगळ्या कामांच्या आहेत, त्यांना जोडायचा हट्ट धरू नकोस. फक्त एक सांभाळ, उद्या तुम्हीच रशियन भाषेत पान काढलं, रुबलमध्ये भाव लावले, तिकडे जाहिरात केली, की मग गोळा करणारे तुम्ही, आणि तेव्हा वकील गाठ, मला पत्र लिहू नकोस. रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं मार्च २०२२ पासून रशियाबाहेर चालत नाहीत, त्यामुळे कार्डाचा प्रश्न या पाहुण्यांपुरता तरी आपोआप मिटलाय, मोरजीत सगळे रोख मोजतात ते काय उगाच नाही.

जर्मनवाला त्यामानानं साधा. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा कायदा, म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण त्यात डेटा युरोपातच ठेवा असं कुठेही नाही, तो 'कुठेही, पण हमी द्या' प्रकार आहे. भारताला युरोपनं अजून 'यांच्याकडे बिनधास्त पाठवा' असा शिक्का दिलेला नाही म्हणून एजंटला तुमच्याशी स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्च्युअल क्लॉजेस (युरोपनं ठरवून दिलेली कराराची कलमं) सही करावे लागतात, २०२१ च्या जूनमधले नवीन, तो मसुदा तयारच असतो, तुम्ही त्यात आपण काय काय काळजी घेतो ते खरं खरं भरायचं. फ्रँकफर्टला सर्व्हर घेऊन तुमची यातून सुटका होत नाही, कारण तुम्ही पर्वरीत बसून त्या सर्व्हरवर लॉगिन करून डेटा बघितलात तरी तो युरोपाबाहेर गेला असंच धरतात. सर्व्हरचं भाडं भरून कागदपत्रं तीच. तेव्हा रकान्यात सरळ लिही, साठवण मुंबई, बॅकअप हैदराबाद, हाताळणारे तीन जण, गोवा. एजंटची स्वतःची अट असेल की नाही, युरोपातच पाहिजे, तर तो धंद्याचा करार झाला, कायदा नव्हे, आणि त्याचे पैसे त्यानं द्यायचे. विचारून बघ, पैशाचं नाव काढलं की बऱ्याच अटी विरघळतात.

टेबलांचं आता. उद्या खरंच दुसरा देश आला तर रात्रभर जागावं लागू नये एवढी तयारी आत्ताच करून ठेव, फार नाही. गेस्टच्या टेबलाचे दोन तुकडे कर. एकात फक्त यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही असा लांबलचक आयडी) आणि 'होम रीजन' असा कॉलम, तो कॉलम रिकामा चालायचा नाही आणि त्याला डीफॉल्ट पण द्यायचा नाही, कारण डीफॉल्ट दिला की सगळे आळशी कोड तिकडेच जातात. दुसऱ्या तुकड्यात नाव, फोन, पासपोर्ट, जे काय माणसाचं आहे ते सगळं. होम रीजन भरायचा तो बुकिंग कुठल्या दारातून आलं त्यावरून, एजंटच्या करारात जे ठरलंय त्यावरून, पासपोर्टावरून नाही. बुकिंगच्या टेबलात माणसाचं काहीच नको, फक्त ती यूयूआयडी. चढत्या क्रमाचे आयडी असतील तर बदल, दोन सर्व्हरवर दोघेही ५०१ नंबरचे पाहुणे झाले की मग बस जुळवत. बुकिंग आणि माणूस यांच्यामधली फॉरेन की (एक टेबल दुसऱ्याला बांधणारा दुवा) काढून टाक, जीवावर येईल पण काढ, कारण दोन वेगळ्या देशांतल्या डेटाबेसमध्ये ती चालणारच नाही आणि जॉइनही नाही, मग कोडमध्ये दोन वेळा विचारायची सवय आत्तापासून झालेली बरी. बुकिंग नंबरच्या पुढे रीजनचं एक अक्षर लाव, म्हणजे नंबर बघूनच कळेल कुठल्या सर्व्हरला विचारायचं, मधे ईमेलवरून शोधायची जागतिक यादी लागणार नाही. ती यादी हा सगळ्यात मोठा सापळा असतो, लोक सगळा डेटा देशोदेशी नीट वाटतात आणि मग लॉगिनसाठी सगळ्यांचे ईमेल एकाच टेबलात अमेरिकेत ठेवतात. पाहुण्याला लॉगिन देऊच नकोस ना, चार दिवस येतो बिचारा, लिंक पाठव.

तुझा पार्टनर आता म्हणेल पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन करून प्रत्येक देशाला वेगळी टेबलस्पेस देऊ. टेबलस्पेस म्हणजे त्याच मशीनवरचा दुसरा फोल्डर किंवा दुसरी डिस्क रे, दुसरा देश नव्हे. खरोखर ओळीओळीनं देश वाटणारे डेटाबेस आहेत, कॉक्रोचडीबीत 'रीजनल बाय रो' आहे, मोंगोमध्ये झोन आहेत, चांगले आहेत, पण साठ होमस्टेंसाठी म्हणजे बांगडे आणायला ट्रॉलर काढल्यासारखं. आणि ते घेतले तरी प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) म्हणून ईमेल किंवा पासपोर्ट नंबर ठेवायचा नाही, कारण ओळ एका देशात राहते पण कुठल्या 'की' कुठे आहेत याची अंतर्गत नोंद सगळीकडे फिरू शकते, आणि त्या 'की'मध्येच माणूस असेल तर माणूस पण फिरला.

पासपोर्टाच्या स्कॅनबद्दल एकच. आपल्याकडे पावसाआधी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतात तसं तुम्ही डेटा भरताय, लागेल कधी तरी म्हणून. सुकी सुंगटां (कोळंबी) लागतात. चार वर्षांपूर्वीच्या पाहुण्याचा पासपोर्ट कशाला लागतो? किती दिवस ठेवायचा ते होमस्टेवाल्यांशी बोलून ठरव, लिहून ठेव, आणि त्यानंतर आपोआप पुसणारं काम रात्री लाव. जी नोंद नाही ती कुठल्या देशात आहे असं कुणी विचारत नाही.

आणि आता ते शोधून पुसणं. डेटाबेस हलवला म्हणजे डेटा हलला असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. एका कंपनीत, नाव नको, आम्ही सगळं मुंबईत आणलं, ऑडिटवाल्याला दाखवलं, त्यानं मान डोलावली, पेढे वाटले. तीन महिन्यांनी मी बिल बघत होते, बिलात एक बारीकशी ओळ, दोन आकडी डॉलर, आणि तिच्यापुढे अमेरिकेच्या व्हर्जिनियाचं नाव. रात्रीचा बॅकअप ज्या बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फाइल ठेवायच्या जागेत) पडत होता ती बकेट मी स्वतः, माझ्या हातानं, रीजन न बदलता बनवली होती. म्हणजे नव्वद रात्री रोज सगळा डेटा अमेरिकेला जाऊन झोपत होता आणि मी ऑडिटला मुंबईचा नकाशा दाखवत होते. तेव्हापासून मी नकाशावर विश्वास ठेवत नाही, बिल बघते.

तर तू असं कर. खोटा पाहुणा तयार कर, नाव असं दे जे जगात कुणाचं नसेल, हुमण सुंगटेकर म्हण, फोन खोटा, पासपोर्ट खोटा. त्याचं बुकिंग कर, बदल, कॅन्सल कर, परत कर, मुद्दाम फॉर्म चुकवून एरर आण. दुसऱ्या दिवशी हुमण सुंगटेकरला शोधायला निघ. सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडेल. एरर पकडणारी जी बाहेरची सर्व्हिस लावली असेल तिथं अख्ख्या फॉर्मसकट सापडेल, याची मी पैज लावते. ईमेल आणि एसएमएस पाठवणाऱ्याच्या हिस्ट्रीत असेल, ॲनालिटिक्सच्या लिंकमध्ये असेल, टेस्टच्या डेटाबेसमध्ये असेल जो कुणीतरी खऱ्या डेटावरून उचलून बनवलाय, तुझ्या पार्टनरच्या लॅपटॉपवर डाउनलोड्समध्ये डम्प (अख्ख्या डेटाबेसची फाइल) म्हणून असेल. आणि एखाद्या होमस्टेवाल्यानं एक्सेल काढून भावाला व्हॉट्सॲप केली असेल. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न, हा कुठल्या देशात आहे, आणि इथे तो असायची गरज होती का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक नाही असंच येतं, मग पहिला सोडूनच दे, पाठवणंच बंद कर. लॉगमध्ये नाव कशाला, यूयूआयडी पुरते. एक्सेलचं बटण काढलंस तर होमस्टेवाले तुला खातील, ते राहू दे, पण त्यातून पासपोर्टचा कॉलम काढ.

हलवायचं कधी, तर जुलैत. भर पावसात मध्यरात्री हरमलला कोण बुकिंग करतो. साठ होमस्टेंचा डेटा फार मोठा नसणार, लॉजिकल रेप्लिकेशन (चालू डेटाबेसची सतत नक्कल) वगैरे कसरती नकोत, त्यात सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारे आकडे) मागे राहतात आणि पहिल्याच बुकिंगला डुप्लिकेट कीची एरर येते, त्यापेक्षा साइटवर तासभर 'काम चालू आहे' लाव, सरळ डम्प घे, मुंबईत रिस्टोर कर, टेबलागणिक ओळी मोजून जुळव, आणि मग तो डम्पही पूस, तो पण एक कॉपीच आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, सिंगापूर बॅकअप म्हणून ठेवू का. नाही. जर्मनवाल्याला मुंबई लिहून देणार आणि मागच्या दारानं सगळं सिंगापूरला ठेवणार, हे व्हर्जिनियापेक्षा वाईट, कारण मला निदान माहीत नव्हतं. बॅकअप दुसऱ्या शहरात पाहिजे पण दुसऱ्या देशात नको, आणि आता शहरं आहेत, ॲमेझॉनवर असशील तर मुंबईला जोडी हैदराबादची, मायक्रोसॉफ्टचं पुणे आणि चेन्नई आहे, गुगलचं मुंबई आणि दिल्ली. हैदराबादचा बॅकअप एकदा खरंच उघडून, त्यावर सॉफ्टवेअर चालवून, हुमण सुंगटेकर त्यात आहे का ते बघ. मग सिंगापूरचा सर्व्हर पंधरा दिवस नुसता बंद करून ठेव, आणि कुणी ओरडलं नाही की डिलीट कर, जुने स्नॅपशॉट (सर्व्हरच्या साठवलेल्या प्रती) एकेक करून आधी. डिलीट दाबताना तो विचारेल की जाता जाता शेवटचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवू का, आणि तिथं भल्याभल्यांचं बोट आपसूक 'हो'वर जातं. तो स्नॅपशॉट सिंगापूरलाच पडतो. तिथं 'नको' दाब.